शेवटच्या ठिपक्याचे सर

आमचे सर हॉटेलात शिरले की वेटरला पहिला प्रश्न विचारायचे, "आज काय नाही?"

नवा वेटर असला तर पार गोंधळून जायचा. इडली, वडा, सेट डोसा, केसरीभात हे सगळं तो झोपेतसुद्धा एका दमात म्हणाला असता, पण जे नाही ते म्हणून दाखवायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसायची. तो बिचारा आत जाऊन विचारून यायचा आणि सांगायचा, सर, रवा डोसा नाही, बोंडा संपला. सर समाधानाने मान हलवायचे आणि इडली मागवायचे. ती त्यांनी नाहीतरी मागवलीच असती. पण संपलेल्या बोंड्याची विचारपूस झाल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही.

मार्केटात पालेभाजीवालीलाही तोच प्रश्न. "अम्मा, आज काय आणलं नाहीस?" ती जुनी, सरांना ओळखून असलेली. ती म्हणायची, "आज तुमच्याशी भांडायला वेळ आणला नाही, स्वामी. बाकी सगळं आहे."

वर्गातली तऱ्हा तर विचारूच नका. सर हजेरी घ्यायचे ती न आलेल्यांची. "आले ते आलेच. ते मला दिसतात. न आलेल्यांबद्दल बोला." मग कोण का आलं नाही, हे आलेल्यांनी उभं राहून सांगायचं. त्यामुळे सरांच्या तासाला दांडी मारणं हे तासाला बसण्यापेक्षा जास्त जोखमीचं काम होतं. एकदा एक मुलगा आजारी आहे असं त्याच्या मित्राने ठोकून दिलं. संध्याकाळी सर संत्री घेऊन त्याच्या घरी हजर. मुलगा सिनेमाला गेलेला. सरांनी त्याच्या आईबरोबर कॉफी घेतली, संत्री तिथेच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाचं तोंडभर कौतुक केलं. "मी शोधायला गेलो तिथेसुद्धा हा नव्हता! याला म्हणतात गैरहजर."

आता हे वेड होतं का? होतं. पण त्या वेडाला नोकरी होती. सर म्हैसूरच्या विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवायचे आणि सक्रिय दीर्घिकांची मोजदाद करायचे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं कुटुंब. काही दीर्घिकांच्या पोटात मधोमध एक कृष्णविवर बसलेलं असतं आणि ते आजूबाजूचा वायू गिळत असतं. गिळताना त्या वायूतून क्ष-किरण बाहेर पडतात. सर त्यांना सक्रिय वगैरे म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, "जेवायला बसलेल्या." कोणी ताटावर तुटून पडलेली, ती झगझगीत. कोणी एकेक शीत वेचून खाणारी, ती मंद. अशा झगझगीत किती, मधल्या किती, मंद किती, याचा आलेख काढायचा, एवढंच आमचं काम. एवढंच म्हणायचं आणि आयुष्य घालवायचं.

मी मिरजेहून त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, मोजणं त्यात काय अवघड? उपग्रह आकाशाची पाहणी करून क्ष-किरणांच्या नोंदी देतो, आपण त्या मोजायच्या. पहिल्याच दिवशी सरांनी मला लष्कर मोहल्ल्यातल्या घरी बोलावलं. खाली एका बँडवाल्याचं दुकान, वर सरांचं घर. दुकानाच्या दारात पितळी कर्णे टांगलेले, त्यांच्यात स्वतःची चार-पाच वेडीवाकडी तोंडं बघत जिना चढायचा. वर सर आणि त्यांची थोरली बहीण, अक्का, असे दोघंच राहायचे. सरांनी लग्न केलेलं नव्हतं आणि अक्कांचं केलेलं फार दिवस टिकलं नव्हतं; त्या तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आल्या होत्या. दोघांच्या कितीतरी पिढ्या म्हैसुरात गेलेल्या. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत कानडी अशी मिसळलेली, की मला पहिला महिनाभर अर्धंच कळायचं आणि कळलेलं अर्धं बरोबर आहे याची खात्री नसायची.

"ये की ग," अक्का म्हणाल्या, "सुम्ने उभी का? बस. स्वल्प कॉफी घे. आत जाऊ नको, तिथे तुझ्या सरांनी आकाश सांडलंय."

सुम्ने म्हणजे उगीच आणि स्वल्प म्हणजे थोडंसं, हे मी अंदाजाने घेतलं. आकाश सांडलंय हे मात्र अक्षरशः खरं निघालं. स्वयंपाकघराच्या फरशीवर सर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्यासमोर धान्याचा आलेख होता. डावीकडे नाचणीचा ढीग, मग मूग, मग अवरेकाळू, म्हणजे आपले पावटे, मग हरभरे, आणि उजव्या टोकाला एकुलता एक नारळ.

"हे बघ," सर माझं नावगाव न विचारताच म्हणाले, "नारळ म्हणजे फार झगझगीत. जगात थोडेच. पण तो पार चामुंडीच्या डोंगरावरून दिसतो. नाचणी? ती पायाखाली आली तरच दिसते. मत्ते? मग काय होतं? माणूस बाहेर बघतो, त्याला नारळच नारळ दिसतात, आणि तो घरी येऊन लिहितो की जगात सगळे नारळच आहेत!"

मी मान हलवली. सरांना ती मान पुरेशी हललेली वाटली नाही. त्यांनी नाचणीचा एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. "हा एक सापडला ना जवळ? मग याला एक म्हणायचं नाही. हा जेवढ्याशा जागेत दिसू शकला असता तेवढी जागा मोज. मग सगळ्या आकाशात तशा जागा किती ते बघ. त्या प्रत्येक जागेत याचा एक भाऊ आहे. दिसत नाही, पण आहे. एका दाण्यामागे पोतंभर. अष्टे कणे."

अष्टे कणे, म्हणजे एवढंच ग बाई. त्या एवढंचमध्ये माझी पाच वर्षं गेली.

संध्याकाळी अक्कांनी पावट्याची उसळ वाढली. सर पहिला घास घेऊन थांबले. "अक्का, हे माझे मधल्या तेजाचे नव्हेत ना?" अक्का म्हणाल्या, "तेच. किती वेळ फरशीवर ठेवणार? उद्या दुसरे मांड." सरांनी मधलं तेज निमूटपणे खाल्लं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

नातेवाइकांच्या लग्नात सरांना बघायला मला फार मजा यायची. मांडवात शिरले की ते मोठ्या आवाजाच्या मंडळींना एक हसू देऊन सरळ मागच्या भिंतीकडे जायचे. तिथे खांबाआड बसलेली कुणी आत्या, कुणाचा तरी मुका दीर, जावयाच्या ओळखीने आलेला आणि कोणाशीच ओळख नसलेला एखादा पाहुणा, अशांच्यात जाऊन बसायचे. अक्का वैतागायच्या. "मुलीचा बाप तिकडे वाट बघतोय की रे!" सर म्हणायचे, "तो मला इथूनही ऐकू येतो." त्या भिंतीशी बसून सरांनी काय काय मिळवलं होतं! एका आत्याबाईंकडून जुन्या पलटणीतल्या घोड्यांची नावं, एका पाहुण्याकडून मधमाश्या पाळायची पद्धत. दसऱ्याच्या मिरवणुकीला सगळं गाव हत्तींकडे बघायचं तेव्हाही हे हत्तींकडे पाठ करून उभे. मी विचारलं, तर म्हणाले, "हत्ती चुकायची भीती नाही ग."

मला मात्र या सगळ्या प्रकरणातली खरी मेख कळली ती नदीकाठच्या टी. नरसीपूर गावी.

खालच्या बँडमास्तरांना तिथल्या एका ऊसवाल्याच्या घरचं लग्न मिळालं होतं. मास्तर जुन्या मराठा शिपायांच्या घराण्यातले. पणजोबांनी म्हैसूरच्या फौजेत तलवार चालवली आणि पणतवाने कॉर्नेट, असं ते स्वतःच सांगायचे. सर आणि मास्तरांचं लहानपणापासूनचं सूत. सर म्हणाले, "आम्हीपण येतो. मला तुझी माणसं दुपारी स्वल्प वेळ पाहिजेत." मास्तरांनी विचारलंसुद्धा नाही कशाला. सरांना कशाला विचारलं की दिवस जातो, हे त्यांना माहीत होतं.

दुपारी जेवणं होऊन लग्नघर आडवं झालं. सरांनी बँड उचलला आणि नदीकाठच्या वाळूवर नेला. मला मधोमध उभं करून अक्कांच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने माझे डोळे बांधले. वादकांना लांब-जवळ कुठे कुठे पांगवलं. मी फक्त ऐकायचं, आणि कोण किती जोराने वाजवतोय आणि किती लांब आहे, ते सांगायचं. मग सर ओरडले, "सुरू!"

लाल-सोनेरी कोट घातलेली ती सगळी माणसं भर उन्हात आपापलं वेगळं गाणं वाजवायला लागली. एकाचं मंगलाष्टकासारखं, एकाचं सिनेमाचं, ढोलवाल्याचं आणखी तिसरंच. ढोल ऐकू आला, मोठे कर्णे आले. क्लॅरिनेट एखादंच. मी सांगत होते, सर आनंदाने नाचत होते. डोळे बांधलेले असूनही ते मला वाळूच्या आवाजावरून कळत होतं. शेवटी मी म्हटलं, "आणि खूप लांब, पलीकडच्या काठावर, एक मोठा कर्णा आहे. फार जोराचा असणार, कारण एवढ्या लांबून येतोय."

सरांनी माझी पट्टी सोडली. माझ्या पाठीशीच बँडमास्तर उभे होते. कॉर्नेटच्या तोंडात रुमाल कोंबून हळूच फुंकत होते, आणि हसू दाबताना त्यांचे गाल कॉर्नेटपेक्षा फुगले होते.

"मंद ऐकू आला म्हणजे लांबचा मोठा, की जवळचा लहान?" सर म्हणाले. "कान सांगत नाही. अंतर आधी कळलं पाहिजे. अंतर चुकलं की सगळं चुकलं!"

मी काही उत्तर देणार तेवढ्यात लग्नघराकडून आरडाओरडा ऐकू आला. वरात निघाली असं समजून सगळं वऱ्हाड जागं झालं होतं. नवरदेव एका हातात फेटा आणि दुसऱ्या हातात सुटलेलं धोतर धरून वाळूतून पळत येत होता आणि त्याच्यामागे त्याचा मामा, "अरे, मुहूर्त संध्याकाळचा आहे!" असं कानडीत ओरडत होता. सरांनी नवरदेवाचं स्वागत केलं, त्याला घोटभर पाणी दिलं आणि विचारलं, "तुला कुठलं वाद्य पहिल्यांदा ऐकू आलं?" तो म्हणाला, ढोल. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस?"

बन्नूरमार्गे परत येताना बसमध्ये मी हसून हसून दमले होते. पण तो धडा डोक्यात पक्का बसला. पुढे सरांच्याच कामात तो लागू पडेल असं मात्र मला वाटलं नव्हतं, आणि सरांना तर नव्हतंच नव्हतं.

झालं होतं असं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका परिषदेत सरांनी सांगितलं होतं की मंद दीर्घिकांची संख्या वाढतच जाते. आलेखाची रेघ डावीकडे वर वर चढते. तेव्हा पुण्याचे एक मोठे शास्त्रज्ञ भर सभेत उठून म्हणाले होते, पुरावा नसताना रेघ ओढू नका, तिथे ती खाली वळते, तेवढ्या मंद दीर्घिका मुळात नाहीतच. सभा हसली होती. सरही हसले होते. पण घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत, हे मला अक्कांनी सांगितलं. तेव्हापासून सर डावीकडच्या टोकाला बसवायला एक ठिपका शोधत होते. फक्त एक. कारण एक दाणा सापडला की मागे पोतंभर असतातच.

आणि तो ठिपका माझ्या कामात सापडला. सगळ्यांत मंद, सगळ्यांत जवळची एक दीर्घिका. माझ्या प्रबंधाचा शेवटचा अख्खा भाग तिच्यावर उभा राहिला. सर तिला "आपली धाकटी" म्हणायचे. "धाकटीचं कसं काय?" असं रोज सकाळी विचारायचे, जशी काही ती रात्री खोकत होती.

एकच शंका होती. क्ष-किरण नेमके कुठून आले ते त्या उपग्रहाला बोट ठेवून सांगता यायचं नाही. तो आकाशावर एक छोटंसं वर्तुळ आखून द्यायचा, यातून कुठूनतरी आले म्हणून. धाकटीच्या वर्तुळात दोघं होते. एक धूसर दीर्घिका आणि तिच्या शेजारी, दिसायला अगदी किरकोळ, आपल्याच आकाशगंगेतला एक तांबूस तारा. असे लहान तारेही अधूनमधून भडकतात आणि क्ष-किरण सोडतात. सरांनी दीर्घिका निवडली. मी म्हटलं, सर, ताऱ्याचं काय? सर म्हणाले, "तो सुम्ने उभा आहे, शेजारी." न दिसणाऱ्यांची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाने समोर दिसणाऱ्या त्या गरीब ताऱ्याकडे साफ दुर्लक्ष केलं. पण सरांचा प्रामाणिकपणा असा, की उजेडावरून नेमकं कोण ते ठरावं म्हणून दोघांचेही वर्णपट घ्यायला त्यांनी आपल्या एका मित्राला सांगून ठेवलं होतं. मित्र दूर डोंगरावरच्या दुर्बिणीवर काम करायचा. तिथे महिनोन्महिने ढग. प्रबंध बांधून गेला, परीक्षकांना पोचला, तोंडी परीक्षेचा दिवस ठरला, तरी ढग हटेनात.

परीक्षक कोण? तेच. पुण्याचे. सरांनी स्वतः त्यांचं नाव सुचवलं होतं. मी हादरले तेव्हा म्हणाले, "जो भांडतो त्यालाच बोलवायचं ग. बाकीचे हो म्हणतील, त्याचा काय उपयोग?"

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी पाया पडायला लष्कर मोहल्ल्यात गेले. अक्कांनी उप्पिट्टु, म्हणजे आपला उपमा, केलं होतं. पहिला घास घेतला आणि खालून मास्तरांची हाक आली, "फोन आहे!" घरात फोन नव्हता, दुकानात होता. सर उतरले. कर्ण्यांच्या मधे उभं राहून ते काय बोलले ते मला वर ऐकू आलं नाही. परत आले, पाटावर बसले, ताटलीतलं उप्पिट्टु शेवटच्या मोहरीपर्यंत संपवलं आणि म्हणाले, "तारा आहे, कणे."

"मग दीर्घिका?" मी विचारलं.

"दीर्घिका झोपलीय," सर म्हणाले. "काही खात नाही, पीत नाही. सगळा उजेड त्या ताऱ्याचा."

अक्का घाबरून चुलीकडून आल्या. "काय झालं? कोण मेलं?"

"कोणी नाही, अक्का. एक जण आहे असं वाटलं होतं. ते नव्हतंच."

"मग सुतक नाही?"

"नाही."

"मग खा," म्हणून अक्कांनी त्यांच्या ताटलीत आणखी एक पळी वाढली.

मित्राने फोनवर असंही सांगितलं होतं, की निकाल मी पुढच्या आठवड्यात कळवतो, आज तुमच्या मुलीची परीक्षा होऊन जाऊ दे. हे सरांनी मला जिना उतरताना सांगितलं. माझा जीव क्षणभर त्या आठवड्याला जाऊन चिकटला. खोटं का बोलू? सर म्हणाले, "पण आठवडाभर तो तारा दीर्घिका होऊन बसेल का ग?" आणि स्वतःच्याच बोलण्याला एवढे मोठ्याने हसले की दुकानातले कर्णे घुमले. मला त्यांचा राग आला. माझी पाच वर्षं आणि त्यांची त्याहून कितीतरी जास्त, आणि हे हसताहेत.

तोंडी परीक्षेत मार्गदर्शकाने गप्प बसायचं असतं. आमचे सर सगळे स्थिरस्थावर व्हायच्या आतच उभे राहिले. "शेवटचा ठिपका खोटा आहे," ते म्हणाले. "आज सकाळी कळलं. तो तारा आहे. ठिपका माझा आहे, हिचा नाही. हिने विचारलं होतं, मी ऐकलं नाही." एवढं बोलून ते प्रोजेक्टरजवळ गेले, त्यावरच्या पारदर्शक कागदावर अंगठा थुंकीने ओला करून फिरवला, आणि भिंतीवरचा आमचा तो लाडका ठिपका सगळ्यांसमोर पुसून टाकला. भिंतीवर त्यांचा अंगठा केवढा मोठा दिसला!

पुण्याचे परीक्षक चष्मा काढून पुसत म्हणाले, "म्हणजे रेघ खाली वळते. मी म्हणत होतो तसं."

"नाही," सर म्हणाले. "वर जाते असं मला म्हणता येत नाही. खाली जाते असं तुम्हालाही म्हणता येत नाही. गोत्तिल्ला. तिथलं आपल्याला माहीत नाही."

"तुम्ही बसा," परीक्षक म्हणाले. "ही परीक्षा तुमची नाही. बाई, तुम्ही सांगा. एकही दीर्घिका न सापडलेल्या जागी तुम्ही काय काढाल? शून्य?"

मी फळ्याकडे गेले. हातात खडू आला आणि मला एकदम त्या फरशीवरची नाचणी दिसायला लागली. नाही सापडली म्हणजे नाही असं नव्हे. आपण केवढी जागा धुंडाळली, तिथे खरोखर किती असत्या तर एखादी तरी हाती लागलीच असती, एवढं काढता येतं. मी काढत गेले. शेवटी ठिपक्याच्या जागी एक आडवी रेघ मारली आणि तिच्यापासून खाली एक बाण काढला. या रेघेहून जास्त नसाव्यात, तिच्याखाली कितीही. बाणाच्या पोटात सरांचं म्हणणं बसत होतं आणि परीक्षकांचंही बसत होतं.

परीक्षकांनी चष्मा परत लावून त्या बाणाकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. "इतकी वर्षं आम्ही दोघं भांडलो," ते म्हणाले, "आणि हिने दोघांनाही एकाच पिशवीत घातलं." मग त्यांनी इतर भागांवर तासभर माझा पिट्टा पाडला आणि पास केलं.

बाहेर आल्यावर सरांनी मला, परीक्षकांना, शिपायाला आणि वाटेत भेटलेल्या दोन वनस्पतिशास्त्रवाल्यांना कँटीनमध्ये नेलं. तिथे कशावरून तरी दोघांचं पुन्हा जुंपलं. बोलता बोलता बशीतले शेंगदाणे आलेखासारखे मांडून झाले आणि परीक्षकांनी सरांचे मंद शेंगदाणे खाऊन टाकले. एवढं खुशीत भांडण मी त्याआधी पाहिलं नव्हतं. परीक्षकांची गाडी गेली तसे सर विभागाच्या पायऱ्यांवर बसले. मला म्हणाले, "तू पुढे हो. मी स्वल्प रडतो आणि येतो." मी कुठली पुढे होते! मीही शेजारी बसले आणि आम्ही दोघंही रडलो. सर धाकटीसाठी, आणि मी सरांसाठी. मला ते त्या दिवशी फार आवडले. सकाळी आलेला राग केव्हा गेला ते कळलंही नाही.

त्यानंतर मी म्हैसूर सोडलं. दिवस गेले, सर निवृत्त झाले. नवे उपग्रह गेले, जुन्याच्या वर्तुळाच्या जागी हे सुईच्या टोकाएवढी जागा दाखवणारे. मागच्या हिवाळ्यात एका परिषदेत मी मागच्या रांगेत बसले होते. एका तरुण मुलीने पडद्यावर तो आलेख लावला. आमचाच, पण ठिपक्यांनी गच्च भरलेला. डावीकडे माझा बाण जिथे होता तिथे आता ठिपके होते. त्याच्याही डावीकडे होते. आणि रेघ वर जात होती. मी खुर्चीतून उठले, कोणाच्या तरी पायावर पाय दिला, बाहेर येऊन फोन लावला. अक्कांनी घेतला आणि सरांच्या हातात दिला.

"सर," मी म्हटलं, "रेघ वर जाते."

"कुठवर?"

"धाकटीच्याही पुढे. पुष्कळ पुढे."

"हौदा? खरंच?" सर म्हणाले. "त्यात कुठला तारा घुसला नाही ना?"

"नाही सर. एकेक तपासलाय त्यांनी."

मग सर एकदम लहान पोरासारखे ओरडले, "अक्का! वर जाते!" आणि मला म्हणाले, "थांब, थांब, पुण्याला फोन लावतो. त्याला सांगतो. आत्ता सांगतो. नंबर आहे का ग त्याचा?"

"सर," मी म्हटलं, "ते गेले. पावसाळ्यात. तुम्हाला कोणी कळवलं नाही?"

"अय्यो," सर म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "मग आता मी हे सांगू कोणाला?"

मी म्हटलं, "सर, मला सांगा."

"तुला?"

"हो. सांगा की."

आणि सरांनी घसा खाकरला, आणि मीच त्यांना आत्ता दिलेली बातमी त्यांनी मला पहिल्यापासून, अगदी सावकाश सांगितली.